रस्त्यावरची गादी



या व्याख्यानमालेत आजवर अनेक विद्वानांनी मोठमोठ्या विषयांवर आपले विचार मांडले. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या दारावर आणि गावच्या वाचनालयातल्या बाकावर. म्हणून चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही रोज डोळ्यांपुढे येणारा विषय सांगितला : गादी. चालक क्षणभर गप्प राहिले. युनियनचा माणूस, आता हा सत्तेच्या गादीवर घसरणार, अशी धास्ती त्यांस वाटली असावी. त्यांना आम्ही तेथल्या तेथे अभय दिले, आपणांसही देतो. आज बोलायचे आहे ते कापसाच्या, काथ्याच्या आणि फोमच्या गादीविषयी. त्यातही रस्त्याच्या कडेला टाकून दिलेल्या गादीविषयी.

युनियनच्या कामासाठी पेण आणि रोहे यांच्या दरम्यान आमचे सारखे जाणेयेणे असते. कधी कासू, नागोठणे, निडी करीत जाणाऱ्या आगगाडीने, कधी वडखळवरून पुढे भिसे खिंडीतून. बरोबर धाटावच्या रासायनिक कारखान्यांत पाळी करणारे सोबती असतात. एके दिवशी कोणी तरी खिडकीतून बोट दाखवून म्हणाले, "ती पाहा गादी." रुळाच्या कडेला एक दुहेरी गादी पोटातून वाकून पडली होती. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने खिंडीतली सांगितली, तिसऱ्याने पुलाखालची. मग ती रीतच पडली. भेटले की रामराम आणि लगेच, "आज कोठे दिसली?" परदेशांतही अशा टाकलेल्या गाद्यांची छायाचित्रे घेऊन एकमेकांना दाखवणारी मंडळी आहेत असे आम्ही ऐकतो. म्हणजे हे वेड एकट्या रायगड जिल्ह्याचे नव्हे.

आमच्यातल्या एका सोबत्याला हिशेबाची आवड. त्याने हजेरीच्या जुन्या वहीत मागल्या पानांवर रकाने आखले. गादी कोठे दिसली, कशाची होती, आणि पुढे तिचे काय झाले. पहिले दोन रकाने भराभर भरले. तिसरा रकाना मात्र रिकामाच राहू लागला. गादी आठवडाभर दिसते, पावसात फुगते, आणि एके दिवशी नसते. कोणी नेली, कोणी जाळली, कोणी उचलली, हे कोणालाच सांगता येईना. त्या रिकाम्या रकान्याने आम्हांस विचार करायला लावले. आजचे व्याख्यान त्याचेच आहे.

प्रथम शब्द पाहू. मराठीत गादी म्हणजे मान. साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी, मठाची गादी, पेढीवरची गादी. माणूस गादीवर बसला म्हणजे तो कोणी तरी झाला. इंग्रजीत गादीला मॅट्रेस म्हणतात. तो शब्द मूळ अरबी 'मत्रह' यावरून युरोपात गेला आणि त्याच्या मुळाशी 'टाकणे' हा धातू आहे. जमिनीवर टाकून ज्यावर निजायचे ती वस्तू. आमच्या भाषेने गादीला वर बसवले, अरबीने ती खाली टाकली. आणि आज आमच्या गावांच्या वेशीवर अरबी अर्थच खरा होताना दिसतो आहे.

असे का व्हावे? आमच्या लहानपणी रस्त्यावर गादी पडलेली पाहिल्याचे आठवत नाही. त्या वेळचे लोक अधिक शिस्तीचे होते म्हणून असे होते, असे आम्ही मानत नाही. त्या वेळची गादी संपतच नव्हती. कापसाची गादी चार-सहा वर्षांनी दडपली, तिच्यात गोळे झाले, की दिवाळीनंतर कोरड्या हवेत पिंजारी दारी येई. खांद्यावर ती माणसाएवढी लांब पिंजण, तिला ताणलेली तात, हातात लाकडी ठोकळा. अंगणात गादी उसवायची, कापूस उन्हात टाकायचा, मग तातेचा तो टणत्कार सुरू. घट्ट झालेला कापूस हळूहळू ढगासारखा फुगून येई. नवा गादीपाट आणून खोळ शिवायची, कापूस सारखा पसरायचा, दाभणाने टाके घालायचे. संध्याकाळी तीच जुनी गादी नवी होऊन घरात जाई. कापूस अगदीच उरला नाही तर त्याच्या उश्या होत. आपल्या कोकणात सावरीची बोंडे चैत्र-वैशाखात फुटली की तो रेशमी कापूसही पोरे गोळा करून आणीत. त्याच्याही उश्या होत. खोळ फाटली तर पायपुसणे. सांगायचे तात्पर्य, त्या गादीला दर टप्प्यावर घेणारा हात होता.

हा पिंजारी आमच्या समाजात कधी मोठा मानला गेला नाही. नदाफ, मन्सुरी, पिंजारी या आडनावांमागे हा धंदा उभा आहे. संत दादू दयाल हे पिंजारी होते असे परंपरा सांगते. गांधीजींनी 'सत्याचे प्रयोग' या आपल्या आत्मकथेत खादीच्या आरंभीची एक हकीकत दिली आहे. चरखा मिळाला, पण पुणीसाठी कापूस पिंजणार कोण? गंगाबेन मजमुदार यांनी एक पिंजारी शोधून काढला. त्याने महिन्याचे ३५ रुपये, किंबहुना त्याहूनही अधिक, मागितले. गांधीजींसारख्या पैपैचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला ती रक्कम त्या वेळी जास्त वाटली नाही. आपल्या कामाची किंमत न लाजता सांगणारा तो अनामिक कारागीर आम्हांस फार जवळचा वाटतो. आमच्या युनियनमध्ये तो शोभला असता.

परंतु जुन्याचे गोडवे गाताना कामगाराची छाती विसरून चालत नाही. पिंजताना उडणारी कापसाची धूळ पिंजाऱ्याच्या फुप्फुसांत जाई. गिरण्यांतल्या पिंजण-खात्यात तेच होते. आपल्या तालुक्यांतून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या घरांना तो खोकला माहीत आहे. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेले की छाती आवळून येते, हे त्या रोगाचे लक्षण. त्याचे शास्त्रीय नाव बिसिनोसिस, आणि कायद्याने तो धंद्यापासून होणारा रोग मानला आहे. तेव्हा पिंजारी परत अंगणात आणा आणि सारे ठीक होईल, असे सांगण्यास आम्ही येथे उभे नाही.

मग गादी बदलली. १९३७ साली जर्मनीत लेव्हरकुसेन येथे ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेन हा पदार्थ शोधून काढला. पुढे १९५० नंतरच्या दशकात त्याचा मऊ फोम बाजारात आला, आणि कालांतराने तो आपल्या घरांतही पोहोचला. दोन द्रव रसायने एकत्र केली की ती आपोआप फुगतात; पावासारखा लोण्याएवढा मऊ ठोकळा तयार होतो. तो कापून कापडात भरला की झाली गादी. काथ्याला रबराचा चीक देऊन दाबलेल्या गाद्या आल्या, पोलादी स्प्रिंगच्या आल्या. हलक्या, स्वच्छ, दुकानातून तयार. वर्षानुवर्षे सतरंजीवर पाठ टेकलेल्या कामगाराने हप्त्याने अशी एक गादी घेतली तर आम्हांस आनंदच होतो. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण गरिबालाच ऐकवतात; अंथरूण थोडे मोठे करून द्यावे ही आमची चळवळ आहे.

पण या नव्या गादीत एक मोठी उणीव आहे. ती उसवता येत नाही. फोम एकदा बसला की तो पिंजून फुगत नाही. काथ्या, रबर, कापड, डिंक, स्प्रिंगा असे सारे एकमेकांना चिकटलेले असते. ते सोडवायला जेवढी मजुरी पडते तेवढी त्या मालाला किंमत येत नाही. म्हणून भंगारवाला हात लावत नाही. घंटागाडीत ती मावत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत नवी गादी आली की जुनी ठेवायला जागा नसते. आता त्या गृहस्थाने करावे काय? नागरिकांना शिस्त नाही असे म्हणून बोलणारे मोकळे होतात. आम्ही विचारतो, शिस्तीने ती गादी कोठे न्यायची, हे त्याला कोणी कधी सांगितले आहे काय? वाट दाखवल्यावाचून वाट चुकल्याचा दंड करणे हा न्याय नव्हे. म्हणून तो रात्री ती खाली उतरवतो, कोपऱ्यावर भिंतीला टेकवून ठेवतो, आणि सकाळी तिच्याकडे न पाहता कामाला जातो. ज्या वस्तूवर त्याचे आजारपण गेले, ज्यावर त्याची पोरे रांगली, तिला तो अनोळखी करून टाकतो.

कोणाला तरी ती उपयोगी पडत असेल, असे आपण मनाशी म्हणतो. हे अर्धे खरे आहे. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून त्या कामावर दूरदूरचे मजूर येत राहिले. त्यांच्या पालांत आम्ही अशा उचललेल्या गाद्या पाहिल्या आहेत. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या आमच्या कातकरी बांधवांच्या खोपटांतही पाहिल्या आहेत. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या आयाबायांना टाकाऊतून टिकाऊ करण्याचे शिक्षण आपण देण्याचे कारण नाही. ते त्यांच्याकडून आपणच घ्यावे. पण ढेकूण आणि ओल यांनी भरलेली गादी रस्त्यावरून उचलून मुलाला त्यावर निजवावे लागते, याला दानधर्म म्हणता येणार नाही. द्यायचीच असेल तर गादी कोरडी असताना, हातात हात देऊन, विचारून द्यावी. रात्री टाकून सकाळी पुण्य मोजू नये.

आता तिसऱ्या रकान्याकडे येतो. गादी उचलतो कोण?

एका गावाची हकीकत सांगतो. गावाचे आणि माणसांचे नाव सांगत नाही. आषाढातला पाऊस चालू होता. गटाराच्या तोंडाशी कोणी टाकलेली कापसाची गादी अडकली आणि पाणी रस्त्यावर चढले. सफाईचे काम ठेक्यावर होते. दोन बायांना हुकूम झाला, ओढा बाहेर. कापूस आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी पितो. कोरडी असताना एक माणूस खांद्यावर टाकतो ती गादी चौघांना हलेना. ओढता ओढता एका बाईचा पाय घसरला, कंबर धरली, आणि अकरा दिवस ती अंथरुणाला खिळली. ठेकेदाराने तिचे अकरा खाडे मांडले.

आम्ही मजुरी मागायला गेलो. ठेकेदार म्हणाला, गादी उचलणे आमच्या करारात नाही. बाईने ती आपखुशीने उचलली. कचेरीत गेलो. तेथे म्हणाले, सफाई ठेकेदाराकडे दिली आहे, आमचा संबंध नाही. आम्ही कराराची प्रत मिळवून रात्रभर वाचली. ओला कचरा होता, सुका कचरा होता, गटारातला गाळ होता, मेलेले जनावरसुद्धा होते. गादी नव्हती. म्हणजे टाकणाऱ्याची ती राहिली नाही, गावाची ती झाली नाही, ठेकेदाराची ती नव्हतीच. उरली ती त्या बाईच्या कंबरेची. अकरा दिवसांची मजुरी आम्ही मिळवली. त्यासाठी सहा आठवडे खेटे घातले. पण पुढच्या पावसात दुसरी गादी आली तर ती कोणाची, याचा निकाल त्या गावात अजून लागायचा आहे.

कायदा नाही असे नव्हे. केंद्र सरकारने २०१६ साली घनकचऱ्याचे नियम केले. त्यांत रस्त्यावर, गटारात, पाण्यात कचरा टाकण्यास आणि उघड्यावर जाळण्यास मनाई केली; आणि कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक कामगाराला गणवेश, चमकणारे जाकीट, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणे आणि मुखपट्टी मिळाली पाहिजे असेही लिहिले. पहिला भाग भिंतीवर रंगवलेला आपण सर्वांनी वाचला आहे. दुसरा भाग कोणत्या भिंतीवर रंगवला आहे, ते आम्ही अजून शोधतो आहोत.

कागदावरचा हक्क हातात पडायला काय लागते, याचे उदाहरण मुंबईत आहे. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे झगडून २७०० कंत्राटी सफाई कामगारांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला, आणि २०१७ साली त्यांना कायम करण्याचा निकाल मिळवला. त्यांतले कित्येक तो दिवस पाहायला उरले नव्हते.

आपल्या पेण तालुक्यातल्या गागोदे गावी १८९५ साली विनोबांचा जन्म झाला. ते १९४६ पासून पुष्कळ महिने पवनारजवळच्या सुरगावी फावडे खांद्यावर टाकून रोज सफाईला जात. त्यांच्यापुढे आम्ही मस्तक नमवतो. मात्र एवढे नम्रपणे सांगतो की संताने घाण उचलली म्हणजे कामाला प्रतिष्ठा येते. मजुरी, हातमोजे आणि औषधपाणी येण्यासाठी संघटना लागते.

गादीचा प्रश्न क्षुल्लक वाटत असेल त्यांनी महाडची आठवण करावी. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीला पूर आला आणि पाणी घराघरांत शिरले. पाणी ओसरल्यावर घरांतून सामान बाहेर आले, आणि चिखलाने माखलेल्या गाद्यांचे ढीग रस्त्यांवर लागले. ठाणे, नवी मुंबई अशा शहरांतून सफाईची पथके धावून आली. अनोळखी गावच्या माणसांची अंथरुणे या कामगारांनी उचलली. संकटात जे काम आपण डोळे भरून पाहतो, तेच काम एरवी रोज चालते आणि आपल्या नजरेला पडत नाही.

आणि जाळण्याचा सोपा मार्ग तर कोणी काढूच नये. फोम पेटला की कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडचाही वायू निघतो. धाटावच्या कामगाराला या नावांचा धाक कळतो, कारण त्याच्या खात्यात असल्या वायूंच्या सूचनांच्या पाट्या असतात. वाडीच्या कडेला पेटवलेल्या गादीजवळ खेळणाऱ्या पोरांसाठी पाटी नसते.

उपाय काय, असे आपण विचाराल. जगात उपाय झाले आहेत. अमेरिकेतल्या कनेक्टिकट संस्थानाने २०१३ साली गादीचा स्वतंत्र कायदा केला. नवी गादी विकतानाच थोडी रक्कम घ्यायची आणि त्या पैशांतून जुनी गादी उचलून, सोडवून, तिचे पोलाद, फोम, कापड वेगळे करायचे. फ्रान्सने फर्निचरच्या उत्पादकांवर अशीच जबाबदारी टाकली. आपल्याकडे टायर आणि बॅटऱ्या यांच्या कारखानदारांवर २०२२ साली तशी जबाबदारी आली. त्या वेळी गादी त्या यादीत नव्हती. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली आणि तिच्यातून पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ मध्ये कामाला लागली. जुने कपडे, लाकडी सामान, बिघडलेली यंत्रे ठरलेल्या दिवशी गोळा करण्याचे उपक्रम तिने केले. हे काम करणारे कोणी परदेशी तज्ज्ञ नव्हेत. काल रस्त्यावर कचरा वेचणाऱ्या बायाच आहेत.

तेव्हा पेण आणि रोहे या आपल्या दोन गावांसाठी आमच्या मागण्या साध्या आहेत. महिन्यातला एक दिवस मोठ्या सामानासाठी ठरवावा आणि तो घंटागाडीवरून पुकारावा. त्या दिवशी चार माणसे, एक गाडी, हातमोजे आणि त्या कामाचा वेगळा दर असावा. सफाईच्या प्रत्येक करारात 'गादी' हा दोन अक्षरी शब्द स्पष्ट लिहावा. नवी गादी घरपोच देणाऱ्या दुकानदाराने परतीच्या रिकाम्या गाडीत जुनी घेऊन जावी. गाडी नाही तरी रिकामीच जाते. आणि गृहस्थाने पाऊस पडण्यापूर्वी, गादी कोरडी असताना, ती ठरल्या दिवशी बाहेर काढावी. गणपतीची मूर्ती चौघांनी कशी सांभाळून उचलायची, हे पेणकरांना शिकवावे लागत नाही. कामगाराच्या पाठीविषयी तेवढीच काळजी आम्ही मागतो.

यातले काहीच होईपर्यंत काय करावे? पाहावे. आमच्या सोबत्याची वही आम्ही मुद्दाम बरोबर आणली आहे. सभा संपल्यावर ती दाराशी टेबलावर ठेवू. आपणांस कोठे गादी पडलेली दिसली असेल तर जागा आणि दिवस लिहून जावे. रोह्याहून आलेल्या मंडळींनी रोह्याच्या लिहाव्यात. टाकणाऱ्याचे नाव लिहू नये. शेजाऱ्याला पकडून देण्याची ही वही नव्हे. वही भरली की तिची प्रत घेऊन आम्ही दोन्ही गावांच्या कचेऱ्यांत जाऊ. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. तारखांनी भरलेली वही टेबलावरून सहज ढकलता येत नाही, हा आमचा तीस वर्षांचा अनुभव आहे.

सोबतीला आणखी एक रकाना आता आखला आहे. 'कोणी उचलली?' ज्याने उचलली त्याला विचारून, त्याची हरकत नसेल तर, त्याच्या कामाची नोंद तेथे व्हावी. त्या रकान्यात पहिली ओळ आपल्यापैकी कोण लिहितो ते पाहू.